चार खांब जायचं, चार खांब यायचं



या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा मी कवितेवर बोलेन अशी अपेक्षा होती. गेली तीसेक वर्षं मी मराठीत कविता लिहिते, तेव्हा ते साहजिकच होतं. मी म्हटलं, कवितेवर पुष्कळ बोलून झालं, या खेपेला दुखण्यावर बोलू द्या. 'काय दुखतं?' असं विचारलं गेलं. मी म्हटलं, 'सगळंच.' पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्यात दोष कुणाचाच नाही. 'सगळं अंग दुखतं' हे वाक्य आपल्याकडे आजार म्हणून कुणी ऐकत नाही. गुडघा दुखतो म्हणा, लोक खुर्ची पुढे करतात. सगळं दुखतं म्हणा, लोक विषय बदलतात.

तर आज पंधरा-वीस मिनिटं विषय बदलायचा नाही, एवढीच विनंती. मी घरून एक उशी आणली आहे आणि ती पाठीशी घेऊन इथे माईकसमोर बसले आहे. मध्येच खुर्ची कुरकुरली तर ती मीच समजा.

मी सोलापूरची. एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून नोकरी केली. २०११ च्या पावसाळ्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हे सुरू झालं. आधी मान धरली. फायलींचे गठ्ठे उपसून धरली असेल म्हणून बाम चोळला. मग खांदे, मग पाठ, मांड्या, तळपाय. दुखणं जागा बदलत नव्हतं, जागा वाढवत होतं. दोन-तीन महिन्यांत अशी वेळ आली, की काय दुखत नाही ते सांगणं सोपं होतं : नाकाचा शेंडा आणि केस. पुढे केसही त्या यादीतून गेले. फणी फिरवली तरी डोक्याची कातडी हुळहुळायची. ईदच्या आदल्या रात्री मनियारनीनं बांगड्या भरायला हात दाबला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती बिचारी म्हणाली, 'आपा, अजून बांगडी चढवलीच नाही मी.'

त्याहून विचित्र होती ती झोप. आठ तास झोपायची आणि उठताना वाटायचं, रात्रभर कुणी तरी पाट्यावर वाटलं आहे. चहा पिऊन माणूस जागा होतो म्हणतात. मी दुपारी दोनपर्यंत अर्धीमुर्धी जागी व्हायची आणि पाचला पुन्हा मावळायची. आणि शब्द हरवायला लागले. कपाटासमोर उभी राहून 'कपाट' हा शब्द आठवायचा नाही. एका कविसंमेलनात स्वतःचीच कविता तिसऱ्या ओळीला विसरले. पाठ म्हणायची माझी ख्याती होती. सूत्रसंचालकांनी 'कवयित्री भावुक झाल्या' म्हणून सावरून घेतलं आणि टाळ्या पडल्या. तेवढ्या टाळ्या मला त्या कवितेला कधी मिळाल्या नव्हत्या.

त्यानंतरची चार वर्षं डॉक्टरांच्या दारांत गेली. एक्स-रे झाले, रक्त तपासलं, पुन्हा तपासलं. रिपोर्ट नॉर्मल. पहिला नॉर्मल रिपोर्ट आला तेव्हा घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दुसऱ्या वेळी यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. हे एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गाडीत बिघाड असेल तर तो सापडतोच, यावर त्यांची श्रद्धा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, 'मशीन तर ठीक दिसतंय.' त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं, पण त्या दिवसापासून 'नॉर्मल' या शब्दाची मला धास्ती बसली. मी खोटं बोलते आहे, याचा तो छापील पुरावा होता.

कुणी 'उतारवय' म्हणालं, कुणी 'टेन्शन'. एका मोठ्या डॉक्टरांनी माझ्याशी न बोलता यांना सांगितलं, 'बाईंना कशात तरी गुंतवा.' नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण आणि कविता यांच्यात मी गुंतलेलीच होते, आणखी कशात गुंतवणार? दर्ग्याचा ताईत झाला, शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली, मेथीचे लाडू झाले. यांतल्या कशानंही अपाय झाला नाही आणि देणाऱ्यांचा जीव होता म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अपाय केला तो एका पुडीनं. शेजारच्या तालुक्यात कुणी तरी 'वाताची जडीबुटी' देत असे. त्या पुडीनं आठ दिवसांत कमालीचं हलकं वाटलं, भूक वाढली, आणि दोन महिन्यांत चेहरा भाकरीसारखा फुगला. पुढे कळलं, अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. माझ्या आजारात स्टेरॉइडचा उपयोग नाहीच, आणि असं औषध बरेच दिवस घेऊन एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. कुणाच्या घरात अशी पुडी असेल तर ती घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, एवढं मात्र मी हात जोडून सांगते.

मधल्या काळात मला एक छंद लागला, दुखण्याचे मराठी शब्द गोळा करण्याचा. ही भाषा मी शाळेत शिकले आणि तिच्यावर जीव जडला. पण ती दुखण्याच्या बाबतीत एवढी श्रीमंत आहे, हे मला दुखायला लागल्यावर कळलं. ठणका वेगळा, कळ वेगळी. ठसठस गळवाची, सणक दाताची. चमक पाठीत भरते, पेटका पोटरीत येतो, रग खांद्याला लागते. अंग मोडून येतं, अंग आंबतं, अंग ठेचल्यासारखं होतं. वांब येतात, मुंग्या येतात, आग होते, हुळहुळतं. आमच्या घरच्या दखनीत 'बदन टूटता' असं दोन शब्दांत आटपतं. मी ही सगळी यादी वहीत लिहून, कुठल्या वेळी कुठे काय होतं तेही टिपून डॉक्टरांकडे न्यायची. ते म्हणायचे, 'शून्य ते दहामध्ये सांगा, किती?' मी म्हणायची, 'सात.' एवढ्या श्रीमंतीतून उरायचा तो एक आकडा. आता मला कळतं, की त्या आकड्याचाही उपयोग असतो, दोन महिन्यांनी सातचा पाच झाला का ते पाहता येतं. पण तेव्हा ओठांवर आलेली कविता परत घ्यावी लागल्यासारखं व्हायचं.

२०१५ मध्ये आतेभावानं हट्टानं पुण्याला नेलं. तिथल्या संधिवाततज्ज्ञांनी आधीच्या रिपोर्टांची चळत बाजूला ठेवली आणि विचारलं, 'झोप कशी लागते?' चार वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी अंगठ्यानं मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराजवळ, कमरेखाली, गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबून पाहिलं. दाबणाऱ्याचं नख पांढरं होईल एवढाच दाब. मी खुर्चीतून उठत होते. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, बी-१२, संधिवाताच्या तपासण्या त्यांनी पुन्हा एकदा करून घेतल्या, कारण त्यांच्यातल्या बिघाडानंही असंच दुखू शकतं. सगळं पाहून ते म्हणाले, 'तुम्हाला फायब्रोमायल्जिया आहे. दुखणं खरं आहे. जीव जाणार नाही, हाडं वाकडी होणार नाहीत, पण हे पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. कमी करता येईल.' मी यांच्याकडे पाहिलं. हे खिशातून रुमाल शोधत होते. माझ्यासाठी असेल असं मला वाटलं, पण तो त्यांनी स्वतःच वापरला.

ही काय भानगड आहे, ते मला समजलं तसं सांगते. मी बी.ए. मराठी, डॉक्टर नव्हे.

या दुखण्याला पहिलं नाव मिळालं १९०४ मध्ये. लंडनच्या गावर्स नावाच्या डॉक्टरांनी कंबरदुखीवर व्याख्यान देताना 'फायब्रोसायटिस' असा शब्द घडवला. स्नायूंभोवतीच्या तंतूंना सूज येत असावी, असा त्यांचा कयास. पुढे शोधणाऱ्यांनी पुष्कळ शोधलं, ती सूज काही सापडली नाही. १९७० च्या दशकात नाव बदलून 'फायब्रोमायल्जिया' झालं, म्हणजे तंतू आणि स्नायूंची वेदना, एवढंच. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी अंगावरच्या अठरा जागा ठरवल्या. त्यांपैकी अकरा दाबल्यावर दुखल्या आणि अंगभर दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं, तर हा आजार. २०१० मध्ये त्यांनीच या अठरा जागांची सक्ती काढली आणि दुखण्याचा पसारा, थकवा, न भागणारी झोप, विसराळूपणा यांना महत्त्व दिलं. साधारणपणे शंभरांतल्या दोन ते चार जणांना हा त्रास असतो असं मानतात. बायका अधिक, पण पुरुषही आहेत. पुरुषांना तर 'सगळं दुखतं' म्हणायचीही सोय नाही, हे ऐकणाऱ्या भावांनी लक्षात घ्यावं.

सूज नाही, झीज नाही, मग दुखतं काय? पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेला दाखला आज इथे बसून सांगायला मला फार आवडतो. ते म्हणाले, 'रेडिओचं स्टेशन बरोबर लागलं आहे, पण आवाजाचं बटण कुणी तरी शेवटपर्यंत पिळून ठेवलं आहे. शेजारी म्हणतात गाणं नेहमीचंच, तुमचे मात्र कान फाटतात.' बिघाड स्नायूंत नसून वेदनेची बातमी वाहून नेणाऱ्या मज्जासंस्थेत आणि मेंदूत असतो. २००२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. सोळा रुग्ण आणि सोळा निरोगी माणसं यांच्या अंगठ्याचं नख यंत्रानं सारख्याच दाबानं दाबलं आणि त्या वेळी मेंदूची चित्रं घेतली. ज्या हलक्या दाबानं निरोगी माणसांना विशेष काही होत नव्हतं, त्याच दाबानं रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग उजळत होते. त्या प्रयोगाबद्दल ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझा एक रिपोर्ट तरी अखेर नॉर्मल आला नाही.

झोपेचं कोडंही जुनं आहे. टोरांटोच्या मोल्डॉफ्स्की नावाच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये काही निरोगी तरुणांना रात्री झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची, असं काही रात्री केलं. धडधाकट पोरं अंग दुखतं म्हणायला लागली. म्हणजे दुखतं म्हणून झोप नाही, आणि झोप नाही म्हणून दुखतं. घाण्याच्या बैलासारखं हे गोल गोल फिरत राहतं. कुठून तरी जू सोडवावं लागतं.

माझं जू आधी गोळीनं सैल केलं. गोळ्यांची नावं सांगते, ती तुम्ही दुकानातून आणून खावीत म्हणून नव्हे. नावं सांगते ती गैरसमजापायी. पहिली गोळी होती अ‍ॅमिट्रिप्टिलिन, दहा मिलिग्रॅम, रात्रीची. औषधाच्या दुकानातला मुलगा ओळखीचा. त्यानं चिठ्ठी पाहून आवाज खाली आणला, 'काकू, ही तर डिप्रेशनची गोळी.' झालं. घरी शांतता पसरली. सासूबाईंनी त्या रात्री माझ्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं. मी फोन करून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळी तीच, पण नैराश्यासाठी ती याच्या कितीतरी पट देतात. एवढ्याशा मात्रेत ती झोप गाढ करते आणि वेदनेच्या निरोपांना थोडा बांध घालते. तोंड कोरडं पडेल, पोट साफ व्हायला त्रास होईल, सकाळी जडपणा वाटेल, तेवढं सोसा. तोंड कोरडं पडलं, जडपणाही आला. पण तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले आणि मला आठवलं, की रात्र झाली होती. एवढंच. चार वर्षांत पहिल्यांदा रात्र झाली होती.

नंतर प्रीगॅबालिन सुरू झालं. फायब्रोमायल्जियासाठी अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानं सगळ्यात आधी मान्यता दिलेलं औषध ते हेच, २००७ मध्ये. पुढच्या वर्षी ड्युलोक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रान. त्यानंतर सोळा वर्षं नवं काही नाही. २०२५ मध्ये जिभेखाली ठेवायची सायक्लोबेन्झाप्रिनची गोळी मंजूर झाली. यावरून या दुखण्याची कासवगती लक्षात यावी. प्रीगॅबालिननं माझी आग-हुळहुळ निम्म्यावर आणली, पण डोकं गरगरायचं, पाय सुजायचे, आणि वर्षात पाच किलो वजन वाढलं. मात्रा कमी केली तेव्हा जमलं. कुणाला एक लागू पडतं, कुणाला दुसरं, पुष्कळांना भरीव असा गुण कशानंच येत नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा मात्र यात फारसा उपयोग नसतो. चार वर्षं मी त्याच खाल्ल्या होत्या आणि पोटाची चाळण करून घेतली होती. आणि यांतली कुठलीही गोळी मनानं एकदम बंद करायची नाही. मी एकदा केली होती. ते तीन दिवस मी सांगत नाही.

रमजानमध्ये प्रश्न आला. झोपताना गोळी घेतली तर सहरीला उठताना भिंती धराव्या लागायच्या. डॉक्टरांनी वेळ अलीकडे आणली, इफ्तारनंतर लगेच. साधी गोष्ट, पण विचारली म्हणून कळली. आमच्यात पुष्कळ बायका न विचारता महिनाभर औषध सोडून देतात आणि ईदला अंथरुणावर असतात.

आता व्यायाम. पुण्याच्या डॉक्टरांनी 'चाला' म्हटलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता. ज्या बाईला कुकरचं झाकण लावताना घाम फुटतो तिला चालायला सांगता? पण युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये या आजारावरचे सगळे उपचार तपासले, तेव्हा 'जरूर करा' असा ठाम शेरा त्यांनी एकाच गोष्टीला दिला आणि ती गोष्ट व्यायाम होती. गोळ्यांच्या वाट्याला तो ठामपणा आला नाही. माझी चूक अशी होती, की चालणं म्हणजे सिद्धेश्वर तलावाला ट्रॅकसूट घालून झपाझप फेऱ्या मारणं, असं मी समजत होते. पहिल्याच दिवशी उत्साहानं तसं केलं. भुईकोट किल्ल्याच्या तटबंदीकडे बघत मोठं छान वाटलं. पुढचे चार दिवस रजा.

मग फिजिओथेरपिस्ट मुलगी भेटली. माझ्या मुलीच्या वयाची, पण जरबेची. तिनं विचारलं, 'काकू, अजिबात न दुखावता किती चालता येतं?' मी म्हटलं, गल्लीच्या तोंडापर्यंत. 'खांब किती?' मी घरी येऊन मोजले. विजेचे चार खांब. तिनं वहीत लिहिलं : चार खांब जायचं, चार खांब यायचं. रोज. पंधरा दिवसांनी पाचवा खांब. आणि तिच्या वहीतला सगळ्यात अवघड नियम असा, की बरं वाटत असेल त्या दिवशीही पाचवा खांब ओलांडायचा नाही.

श्रोतेहो, हा नियम वरवर सोपा वाटतो, पण माझी खरी लढाई तिथेच झाली. आपण बायका कशा वागतो? जरा बरं वाटलं की महिनाभराची तुंबलेली कामं काढतो. पडदे धुतो, डबे घासतो, उन्हाळ्यात पापड लाटतो. मग तीन दिवस आडवं. मग पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. माझी वही पाहून तिनं दाखवलं, की माझे वाईट दिवस आकाशातून पडत नव्हते, बहुतेक वेळा आदल्या किंवा त्याच्या आदल्या दिवशीच्या चांगल्या दिवसानं ते आणलेले होते. एका ईदला मी पाच किलो दुधाचा शीरखुर्मा केला, घर धुतलं, सगळ्यांना वाटलं आता आपा बरी झाली. बाशी ईदला मला उठून पाणी घेता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी दूध तेवढंच होतं, ढवळायला दोन्ही जावयांना बसवलं. गल्लीत चर्चा झाली. होऊ दे.

तिनं आणखी एक विचारलं, 'रोज ठरलेल्या वेळी न चुकता काय करता?' मी म्हटलं, नमाज. 'मग प्रत्येक वुजूच्या आधी दोन मिनिटं मान, खांदे आणि मनगटं मोकळी करा. वेगळा व्यायाम म्हटलात तर विसराल.' ती मुलगी ब्राह्मणाची, तिला वुजू हा शब्द मीच शिकवला होता आणि तिनं तो बरोबर जागी वापरला. दिवसाला पाच वेळा दोन-दोन मिनिटं, दहा मिनिटं झाली की नाही? वाईट दिवशी मी खुर्चीवर बसून नमाज पढते. आजाऱ्याला बसून, तेही जमत नसेल तर पडून पढायची मुभा आहे. सुरुवातीला खुर्चीची लाज वाटायची. आता माझ्या आधी माझी नणंद ती ओढून घेते.

थंडीत गरम पाण्याची पिशवी, आंघोळीला कढत नव्हे पण चांगलं गरम पाणी, हे चालूच असतं. जिथे कोमट पाण्याचा तलाव आहे तिथे पाण्यातला व्यायाम फार मानवतो म्हणतात. आमच्या गावात पिण्याच्या पाण्याचीच पाळी असते, तेव्हा त्यावर न बोललेलं बरं. चीनमधला ताय-ची नावाचा संथ व्यायामही यात चांगला ठरला आहे. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात तो नेहमीच्या दमसासाच्या व्यायामाइतका, किंबहुना थोडा अधिकच उपयोगी दिसला. मी मुलीच्या मोबाइलवर तो पाहिला. बगळा पाण्यात पाय उचलतो तसं सगळं. मला तो प्रकार कवितेसारखा वाटला, यांना बस मागे घेतानाच्या खुणांसारखा.

कचेरीतला एक किस्सा सांगायचा राहिला. रजेच्या अर्जावर मी 'फायब्रोमायल्जिया' लिहिलं. आस्थापना शाखेतल्या भाऊसाहेबांना ते लागेना. त्यांनी दोनदा वाचलं आणि नोंदवहीत 'मायग्रेन' लिहून टाकलं. नोकरी संपेपर्यंत सरकारदरबारी माझं डोकंच दुखत होतं. मात्र वरच्या फळीवरच्या फायली काढायला शिपाईमामा आपणहून यायला लागले, तेव्हा मी तो शब्द दुरुस्त करून घेतला नाही.

आता मी ज्यासाठी बोलायला आले, ते सांगते. आतापर्यंत टाळत होते.

माझी अम्मा घरी शिलाई करायची. पायानं चालवायचं मशीन. संध्याकाळी ती जमिनीवर पालथी पडायची आणि मला पाठीवर चालायला सांगायची. मी सात वर्षांची, वजनानं हलकी. भिंतीला हात टेकून मी तिच्या पाठीवरून चालायची. ती म्हणायची, 'एडी नको, पंजा रख.' कपाळाला ओढणी गच्च बांधलेली. लोक म्हणत, हिला काही झालेलं नाही, अंगचोर आहे. सकाळी ती उठायची तेव्हा मशीनच्या कडेला धरून उठायची, हे मला आठवतं. दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी तिनं हाक मारली आणि मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, 'रोज का नाटक.' तिनं पुन्हा मला हाक मारली नाही. शेजारचं एक पोर यायचं, त्याला दहा पैसे द्यायची. १९९९ मध्ये ती गेली, हृदयविकारानं. बाकी तिला काय होतं, याचा कागद कुठेच नाही.

मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं होतं, तिलाही हेच असेल का? ते म्हणाले, न तपासता कसं सांगू. जवळच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता जास्त असते, इतकंच सांगता येईल. मी त्याहून जास्त काही म्हणत नाही. पण मला यांनी, सासूबाईंनी, त्या मोठ्या डॉक्टरांनी जे ऐकवलं, ते सगळं मिळूनही मी तिला ऐकवलेल्या तीन शब्दांइतकं होत नाही. त्यावर एक कविता लिहायचा मी दहा वर्षं प्रयत्न करते आहे. होत नाही. म्हणून आज बोलून टाकलं.

माझे सध्या बावीस खांब होतात. जायचे बावीस, यायचे बावीस. अकरा वर्षांत नाही म्हटलं तरी चार-पाच वेळा पुन्हा चारवर आले, दोनदा तर अंगणात. कवितेची वही रोज वीस मिनिटं, मग उठायचं, ओळ अर्धी राहिली तरी. सुरुवातीला अर्धी ओळ सोडणं जिवावर यायचं. आता वाटतं, काही ओळी रात्रभर ठेवलेल्या बऱ्या असतात.

गेल्या महिन्यात धाकट्या मुलीचा पुण्याहून फोन आला. ती एकोणतीस वर्षांची आहे, कंपनीत नोकरी करते. बोलता बोलता म्हणाली, 'अम्मी, आजकाल सकाळी उठते तर अंग कणकेसारखं तिंबलेलं असतं.' मग स्वतःच हसली आणि म्हणाली, 'कामाचं असेल, जाऊ दे.' मी हातातलं काम ठेवलं, खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, 'झोप कशी लागते?'

ती बराच वेळ बोलत होती. तिच्या थायरॉइडचे आणि ड जीवनसत्त्वाचे रिपोर्ट गुरुवारी यायचे आहेत. काहीच नसेल, किंवा साधंसं काही असेल. नॉर्मल आले तर ती मला फोन करून सांगायला कचरू नये, म्हणून मी आधीच सांगून ठेवलं आहे, की रिपोर्ट काहीही येवो, शनिवारी घरी ये. आपल्या गल्लीत खांब पुष्कळ आहेत.